ट्रॉली ओढते किती, थांबते किती?

हळदीच्या हंगामात वसमत तालुक्यात ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडताना “किती ओढेल?” एवढेच विचारतात. आम्ही म्हणतो, “किती थांबवेल?” हे आधी विचारा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते.

हिशेब सोपा आहे. आर. सी. बुकातील भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करा. समजा, ५ टनांतून दीड टन गेला. उरले साडेतीन टन, म्हणजे ५० किलोची ७० पोती.

दहा माणसे अर्धा टनच भरतात. पण ट्रॉलीत ना आसन, ना आधार. ४ एप्रिल २०२५ रोजी गुंज गावच्या मजूर भगिनींची ट्रॉली आलेगाव शिवारात विहिरीत कोसळली. सात जणी गेल्या.

भगिनींनो, मजुरी ठरवताना जाण्यायेण्याच्या गाडीचेही मालकाशी बोलून घ्या. जयभीम!