खोक्यावरच्या ‘६७५ पट’वर जाऊ नका

नशिराबाद परिसरात नवी दुर्बीण घेणाऱ्यांसाठी. ११४ मिमी व्यासाच्या, ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘६७५ पट’ छापलेलं दिसतं. हिशेब असा: ९०० भागिले ४ मिमीचं आयपीस म्हणजे २२५ पट, आणि त्यावर ३ पटीचं बार्लो भिंग. पण दुर्बिणीला झेपणारी मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट, म्हणजे इथे २२८. त्यापुढे प्रतिमा फक्त मोठी, अंधूक आणि पुसट होते.

माझं मत स्पष्ट आहे: २५ आणि १० मिमीची दोन चांगली प्लॉसल आयपीस आणि २ पटीचं बार्लो घ्या. ३६, ७२, ९० आणि १८० अशा चार पटी हातात येतात. ३६ पटीत पूर्ण चंद्र आणि मृगातला तेजोमेघ मावतो, ९० पटीत गुरूचे पट्टे आणि शनीची कडी छान दिसतात.

१८० पट मात्र हवा स्थिर असेल तेव्हाच. आपल्याकडे मे महिन्यात सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि ग्रह थरथरतो. शेतात, मातीवर दुर्बीण लावा. पश्चिमेला जळगावचा, पूर्वेला भुसावळचा उजेड आहे, म्हणून अंधूक तेजोमेघ डोक्यावर आल्यावरच पाहा.

चष्मा लावणाऱ्यांनी आयपीस घेताना डोळा किती अंतरावर ठेवता येतो, ते आधी विचारावं.