जीपचे थकलेले शॉक ॲब्सॉर्बर

पक्का रस्ता संपला की पुढचा प्रवास जीपचा, हा अनुभव आपल्या देशाच्या बहुतेक भागांतील लोकांना आहे. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत चढणारी वाट, हिमाचल प्रदेशात ग्रांफूहून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता, कच्छच्या रणाकडे जाणारे कच्चे मार्ग, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आडगावांकडे वळणाऱ्या वाटा, या साऱ्या ठिकाणी चारही चाकांना इंजिनाचे बळ पुरविणाऱ्या गाड्यांनी वर्षानुवर्षे माणसांची ने-आण केली आहे. लस ठेवलेल्या पेट्या, बदली झालेले शिक्षक, वऱ्हाडी मंडळी, प्रसूतीसाठी तालुक्याच्या गावी निघालेली स्त्री, सर्वांची भिस्त अशाच एखाद्या गाडीवर असते.

अशा गाडीत बसण्यापूर्वी चौकस प्रवासी टायर पाहतो, ब्रेकविषयी विचारतो. परंतु चाकाच्या आतल्या बाजूस, चिखलाने माखलेली, हातभर लांबीची एक नळी उभी किंवा किंचित तिरपी बसविलेली असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ती नळी म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजमध्ये तिला सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात. मराठीत कोणी ‘धक्काशोषक’ असाही शब्द वापरतात. पण हा शब्द काय किंवा मूळ इंग्रजी नाव काय, दोन्ही थोडी फसवीच आहेत. खड्ड्याचा धक्का सोसण्याचे काम मुख्यत्वे स्प्रिंगचे, म्हणजे जीपच्या बाबतीत एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचे असते. पाटे वाकतात आणि धक्क्याचे बळ आपल्यात साठवून घेतात. मात्र साठविलेले बळ ते लगेच परतही करतात, आणि मग गाडी वर-खाली झुलू लागते. हे झुलणे आवरणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे खरे काम होय.

सरकारी कचेरीतील दार उघडून सोडले की ते धाडकन न आदळता सावकाश मिटते, हे आपण पाहिले असेल. दाराच्या माथ्यावरील त्या छोट्या यंत्रात स्प्रिंग दार ओढते आणि तेल तिला आवर घालते. गाडीतही तेच तत्त्व आहे. बंद नळीत तेल भरलेले असते. त्यात दांड्याला जोडलेला एक दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्यातील बारीक छिद्रांतून व झडपांतून तेलाला मोठ्या कष्टाने वाट काढावी लागते. या घर्षणात झुलण्याची शक्ती उष्णतेत बदलते, आणि ती उष्णता नळीवाटे हवेत निघून जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्यांना चारही चाकांशी पाटे होते आणि प्रत्येक चाकापाशी तेलाचा, नळीच्या आकाराचा शॉक ॲब्सॉर्बर होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि हीच साधी, दणकट मांडणी आपल्याकडे रुजली. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही चारही बाजूंना पाटेच होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्यांमुळे शॉक ॲब्सॉर्बर देशातच तयार होऊ लागले. जीप किंवा जिप्सी सांभाळून असलेल्या माणसाला ही नळी मिळविणे म्हणूनच फारसे अवघड जात नाही. अवघड असते ते जुनी नळी निकामी झाली आहे हे ओळखणे.

याचे कारण असे की, ब्रेक निकामी झाला तर तो एका क्षणात कळतो. शॉक ॲब्सॉर्बर मात्र महिन्यामहिन्यांनी, कणाकणाने थकत जातो. दट्ट्या झिजतो, झडपा सैल होतात, दांड्याभोवतीचे रबरी सील फाटून तेल पाझरू लागते. रोज तीच गाडी चालविणारा माणूस नकळत आपली चाल बदलतो. वळणावर थोडा अधिक सावध होतो, खड्ड्यापूर्वी थोडा लवकर ब्रेक दाबतो, आणि गाडी पूर्वीसारखीच आहे असे मनापासून सांगतो. त्याच्या बोलण्यात खोटेपणा नसतो. पण गाडी पूर्वीसारखी नसते.

पुष्कळांची अशी समजूत आहे की, शॉक ॲब्सॉर्बर ही सुखासीन प्रवाशांची चैन आहे. डोंगरात राहणाऱ्याने चार धक्के सोसले तर काय बिघडते? माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक समजूत ती हीच. धक्के सोसायला हरकत नाही. पण चाक जमिनीवरून उचलले गेले तर काय होते, याचा विचार करावा. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काहीही साधत नाही. ते चाक वळविले तरी गाडी वळत नाही. रस्त्याची पकड टायरच्या तळव्याएवढ्या तुकड्यावर अवलंबून असते, आणि तो तुकडा जमिनीला चिकटून राहावा यासाठीच ही नळी झिजत असते.

कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीने आडव्या लाटा उठतात. धुणे घासण्याच्या पन्हाळीदार फळीसारखा रस्ता दिसू लागतो. या लाटांमधील अंतर पाऊण मीटर धरले आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर प्रत्येक चाकाला सेकंदाला सुमारे १५ ठोके बसतात. एका किलोमीटरला तेराशेहून अधिक ठोके होतात, आणि शंभर किलोमीटरच्या मजलेत एक लाख तेहतीस हजार. त्यात योगायोग असा वाईट की, गाडीचे चाक आणि आस यांची स्वतःची थरथरण्याची गतीही साधारण सेकंदाला दहा ते पंधरा आवर्तने एवढीच असते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत झोका दिला की तो अधिकाधिक उंच जातो, तसे चाक या लाटांवर उड्या घेऊ लागते. आवर घालणारी नळी निकामी असेल तर चाक निम्मा वेळ हवेतच राहते, आणि अशा रस्त्यावरील साध्या वळणावरही गाडीचा मागचा भाग बाजूला सरकत दरीच्या कडेकडे जाऊ लागतो. नळी नवी असली तरी अखंड माऱ्याने तेल तापून पातळ होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो, आणि काही काळ ती कामातून जाते. म्हणून लांबलचक लाटांच्या रस्त्यावर अधूनमधून गाडी थांबवून चहा घेणारा ड्रायव्हर आळशी आहे असे समजू नये.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत या भागाचे काम अधिकच जड असते. जुन्या जीपमध्ये पुढची व मागची आस अखंड लोखंडी असून तिच्या पोटात दातेरी चक्रांचा गोळा असतो. एवढे वजन पाट्यांच्या खाली लोंबत असते, आणि त्या साऱ्याची उसळी चार नळ्यांनीच थोपवायची. शिवाय खड्या चढणीवर जे चाक हलके होते त्याच्याकडेच साध्या डिफरन्शियलमधून बळ निसटते. ते चाक जागच्या जागी फिरते आणि दुसरे चाक स्वस्थ बसते. चाके थयथयत असतील तर चारही चाकांना बळ देणाऱ्या गाडीचा निम्मा लाभ वाया जातो. ‘लिव्हर टाकला तरी गाडी चढेना’ अशी तक्रार ऐकू आली, तर गिअरबॉक्सला दोष देण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे.

वाकून काय पाहावे? नळीवर नुसती तेलकट धूळ असेल तर घाबरण्याचे कारण नाही; पण तेलाचे ओघळ उतरलेले असतील तर तिचे आयुष्य संपले आहे. दांडा वाकलेला, नळीला पोचा पडलेला, टोकाचे रबरी बुश चुरलेले, हेही डोळ्यांना दिसते. टायरवर तळहात फिरवावा. जागोजाग खोलगट बशीसारखी झीज लागली तर चाक उड्या मारीत चालले असण्याचा दाट संभव असतो. ब्रेक दाबताच नाक खाली घालणारी आणि गतिरोधकावरून गेल्यावर दोन-तीनदा डुलणारी गाडी तर स्वतःच साक्ष देते. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडावा व ती किती झुलते ते पाहावे, ही परीक्षा पुष्कळांना ठाऊक आहे. मोटारीला ती ठीक आहे. जीपच्या जाड पाट्यांमध्ये परस्परांचे घर्षणच इतके असते की, नळ्या निकामी असल्या तरी गाडी हाताच्या दाबाने फारशी झुलत नाही. तेथे जुन्या मिस्त्रींची युक्ती अधिक उपयोगी पडते. खराब रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून थांबायचे आणि चारही नळ्यांना बेताने हात लावून पाहायचा. ज्या तापल्या आहेत त्या काम करीत आहेत. तिघी गरम आणि एक थंड, तर थंड असलेली नळी नुसतीच लटकत आली आहे असे समजावे. सायलेन्सरपासून मात्र हात दूर ठेवावा.

बदलण्याचे काम पाट्यांच्या गाडीत सोपे आहे. दोन माणसांना अर्धा दिवस पुरतो. आदल्या रात्री वरच्या व खालच्या नटांवर गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे, म्हणजे सकाळी पान्याशी झुंज करावी लागत नाही. गाडी सपाट, टणक जागी उभी करून चाकांखाली ठोकळे लावावेत. जुन्या विलीज जीपबाबत ही सूचना विशेष महत्त्वाची. तिचा हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचे एक चाक जॅकने उचलले की हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे तर कोणत्याही गाडीत वर्ज्य. मजबूत लोखंडी स्टँड चौकटीखाली हवेतच.

नवी नळी बसविण्यापूर्वी उभी धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबावी आणि ओढावी. दुकानात ती आडवी पडून राहिल्याने तेलात हवा शिरलेली असते, ती अशाने वर निघून जाते. चकचकीत दांडा कधीही पकडीने धरू नये. त्यावर उमटलेला बारीकसा ओरखडाही सील कापून टाकतो आणि नवी नळी महिन्याभरात गळू लागते. रबरी बुश नेहमी नवेच घालावेत. टोकाचा नट रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगेल इतकाच आवळावा, अधिक नाही. ज्या बुशमध्ये रबर लोखंडी नळकांड्याला चिकटविलेले असते, त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच शेवटचा घट्ट करावा. चाक लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकरच फाटते. कित्येक गॅरेजांत ही गोष्ट घाईत राहून जाते. जवळ उभे राहून आठवण करून देण्यात संकोच बाळगू नये.

गोल स्प्रिंगच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. २०२० पासूनच्या महिंद्रा थारमध्ये पाटे नसून गोल स्प्रिंग आहेत. अशा मागच्या आसेला खाली किती उतरू द्यायचे हे बहुधा शॉक ॲब्सॉर्बरच ठरवितो. त्याचा बोल्ट काढताच आस खाली घसरून ब्रेकची नळी ताणली जाते, म्हणून आधी आसेखाली जॅक द्यावा. पुढच्या बाजूस स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकात एक गुंतविलेले असतील, तर ते घरी उघडण्याचा मोह सर्वस्वी टाळावा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. त्यासाठी योग्य साधने असलेलाच मिस्त्री हवा.

खर्चाचा प्रश्न कुटुंबाला असतोच. एकच नळी गळत असेल तर एकच बदलू, हा विचार स्वाभाविक आहे. पण एका आसेवर एक नवी आणि एक थकलेली नळी असली तर ब्रेक मारताना व वळताना गाडी दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वागते. पुढची जोडी किंवा मागची जोडी, असा खर्च दोन हप्त्यांत विभागता येतो. चांगल्या रस्त्यावर ऐंशी हजार किलोमीटरच्या सुमारास तपासणी करावी असे सर्वसाधारणपणे सांगतात. डोंगरात ती निम्म्या अंतरावरच करावी. अलीकडे गाडी उंच दिसावी म्हणून पाटे उचलून घेण्याची हौस वाढली आहे. उंची वाढवून नळी जुन्याच लांबीची ठेवली, तर चाक खाली उतरताच ती ताणली जाऊन तुटते. आणि फार कडक नळी घातली, तर रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यावरून नुसतेच उडत जाते. कारखान्याने नेमून दिलेल्या मापाची नळी बहुतेकांना पुरेशी असते.

पहिल्या दिवशी ड्रायव्हर ‘गाडी कडक झाली’ असे म्हणेल. त्याला काही दिवस चालवू द्यावी. तीन-चारशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. काढलेल्या नळ्या गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा मुलांच्या हाती राहू देऊ नयेत. त्यांपैकी काहींत दाबाखाली वायू भरलेला असतो. त्या शेकोटीत टाकणे अथवा घरी भोक पाडून पाहणे धोक्याचे. भंगारवाल्याकडे देताना त्याला तसे सांगून द्यावे.