देवीचा व्रण आणि लसीची नवी वाट

अनगोळहून टिळकवाडीकडे गेले असता ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाचे विस्तीर्ण, वृक्षाच्छादित आवार लागते. हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याचा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असतो. एके काळी येथे देवीची लस तयार होत असे. गुरांच्या कातडीवर वाढविलेली ती लस माणसाच्याही कातडीतच टोचली जाई. आमच्या पिढीच्या हातावरील वाटोळा व्रण ही तिचीच खूण होय. म्हणून ‘त्वचेतून लस देण्याचा नवा शोध’ अशी वार्ता वाचली, की आम्हांस प्रथम या आवाराची आठवण होते.

1796 साली जेन्नरने गोस्तनदेवीची लस एका मुलाच्या हातावर बारीक छेद घेऊन दिली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली; हिंदुस्थानातील देवीचे हे पहिले यशस्वी लसीकरण. पुढे दुहेरी टोकाची सुई आली. तिच्या टोकांमध्ये मावणारा लसीचा थेंब त्वचेवर पंधरा वेळा टोचला, की काम होई. याच साधनाच्या बळावर देवीचे उच्चाटन झाले व 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते जाहीर केले.

मग त्वचेलाच एवढे महत्त्व का? त्वचा ही केवळ भिंत नव्हे. तीवर पहारेकरीही आहेत. रोगजंतू आत शिरताच त्यांचा अंश उचलून जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचविणाऱ्या पेशी तिच्या थरांत दाटीने वसतात. स्नायूंत त्या विरळ असतात. साहजिकच काही लसींची थोडी मात्रा त्वचेत दिली, तरी ती पुरेशी ठरते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस स्नायूत द्यावयाची तर एका वेळी संपूर्ण कुपी लागते. त्वचेत मात्र दोन ठिकाणी प्रत्येकी 0.1 मिलिलिटर पुरते. एका कुपीत अनेकांची सोय होते. जेथे लस अपुरी असते, तेथे हा फरक प्राणमोलाचा आहे. 2016 पासून आपल्याकडे पोलिओची टोचावयाची लसही 0.5 ऐवजी 0.1 मिलिलिटर इतकी त्वचेत देण्यास आरंभ झाला. नवजात बालकास दिली जाणारी बी.सी.जी. तर त्वचेतच देतात.

तथापि या मार्गात अडचणीही आहेत. सुई तिरपी धरून त्वचेच्या वरच्या थरातच लस सोडावी लागते; तेथे लहानशी फुगवटी उठली तरच ती योग्य जागी गेली असे समजावे. हे कौशल्य प्रत्येक हातास साधत नाही. शिवाय ज्या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात, त्या त्वचेत दिल्यास तेथे दीर्घकाळ दाह राहू शकतो. तेव्हा सर्वच लसींना ही वाट मोकळी नाही.

हस्तकौशल्याची अडचण दूर करण्याचे प्रयत्न आता चालू आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या देशात आणीबाणीच्या वापरास मान्यता मिळालेली ‘झायकोव्ह-डी’ ही कोविडची लस सुईवाचून, द्रवाच्या बारीक वेगवान धारेने त्वचेत सोडली जाई. दुसरा उपाय चिकटपट्टीचा. तीवर एक मिलिमीटरहून लहान असे सूक्ष्म काटे असतात. त्वचेत शिरून ते विरघळतात आणि लस आत राहते. गोवर-रुबेलाच्या अशा पट्टीची गांबिया देशात बालकांवर चाचणी झाली आणि 2024 साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र सार्वत्रिक वापरास अद्याप अवकाश आहे.

अशी पट्टी उद्या शाळेत आली, तर सुईच्या धास्तीने टोचणीच्या दिवशी घरी राहणारे मूलही आनंदाने हात पुढे करील. त्या वेळी शिक्षकाने आपली बाही वर करून देवीचा व्रण त्यास दाखवावा. ज्या वाटेने एक महारोग जगातून गेला, तीच ही वाट आहे, हे त्यास त्याहून स्पष्ट कोणते पुस्तक सांगणार?