मनोविकाराच्या गोळ्या, वाढतं वजन आणि कुवेतचा उन्हाळा

ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू झालं की अनेकांची भूक खवळते. ही औषधं मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही ग्राहींना अडवतात. पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. अशा माणसाला घरच्यांनी ‘खादाड’ म्हणणं अन्यायाचं आहे.

कुवेतमध्ये त्यात हवामानाची भर. जुलै २०१६ मध्ये मित्रिबा इथे पारा ५३.९ अंशांवर गेला होता. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायलाच बंदी असते, तिथे फिरायला जाणार कुठे? मॉलमध्ये चालावं (खाऊगल्लीचा मजला टाळून!).

लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्यांनी विशेष जपावं. घाम गाळून, कडक उपास करून किंवा मीठ एकदम तोडून वजन उतरवायला गेल्यास रक्तातलं लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकतं. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर लगेच रुग्णालय गाठावं.

वजन वाढतंय म्हणून गोळी मात्र परस्पर बंद करू नये, आजार उलटू शकतो. अरिपिप्राझोलसारखं वजन कमी वाढवणारं औषध किंवा जोडीला मेटफॉर्मिन चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. उपचार सुरू होतानाच वजन, कंबर आणि साखर मोजून ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत काटा झपाट्याने सरकला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावं.