टायर बदलले आणि ॲव्हरेज घसरलं

फोर्डच्या २०२३ सालच्या एफ-१५० रॅप्टर आर या व्ही-८ पिकअपचं शहरातलं ॲव्हरेज लिटरमागे जेमतेम सव्वाचार किलोमीटर आहे. हा आकडा खुद्द अमेरिकी सरकारच्या लेबलवरचा. ७०० अश्वशक्तीचं इंजिन म्हटल्यावर नवल नाही. पण साध्या इंजिनाच्या ऑफ-रोड पिकअपही रोजच्या वापरात लेबलच्या खाली का जातात?

पहिला दोष हवेचा. उंच, चौकोनी गाडीला हवा जोरात अडवते आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ११० वरून १३० वर गेलात, तर तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढला! वर सस्पेन्शन उचलून घेतलं, टपावर कॅरियर नि तंबू लादला, की आणखी भर. हे सामान लेबलच्या चाचणीत नसतंच.

मग टायर. खोल खाचांचे जड टायर फिरवायला जास्त ताकद लागते, हे खरंच. गंमत मात्र पुढे आहे. ३२ इंची टायर काढून ३५ इंची बसवले आणि ओडोमीटर जुळवून घेतला नाही, तर १०० किलोमीटर धावूनही तो सुमारे ९१च दाखवतो. म्हणजे तक्रारीतलं काही ॲव्हरेज निव्वळ कागदावर हरवलेलं असतं. चिखलात, लो गिअरमध्ये तर लिटरमागे किलोमीटर मोजण्यात अर्थच नाही. तिथे तासाला किती लिटर जळलं ते पाहावं.

टायर बदललेत? आधी जीपीएसवर अंतर ताडून पाहा, मगच मेकॅनिकशी भांडा.