गुडघ्याचं माप

दुकानातली जेवणाच्या टेबलाची कुठलीही खुर्ची घ्या. तिची बैठक जमिनीपासून १७-१८ इंचांवर असते आणि समोरचं टेबल २९-३० इंचांवर. मधल्या उंचीच्या, धडधाकट माणसाला ही मापं चांगली बसतात. पण घरात तशी माणसं असतात किती? चौथीतल्या पोराचे पाय लोंबकळत राहतात आणि गुडघे धरलेल्या आईला त्याच खुर्चीतून उठताना टेबलाची कड पकडावी लागते. कारखान्याला सगळ्यांसाठी एकच माप ठरवावं लागतं, त्याला इलाज नाही. घरी लाकूडकाम करणाऱ्याला मात्र फक्त एका माणसाचं माप सांभाळायचं असतं, आणि या छंदाचा खरा फायदा तेवढाच आहे.

पैसे वाचतील म्हणून कुणी या नादाला लागणार असेल, तर त्याने वखारीच्या दारातूनच परत फिरावं. लाकूड घनफुटावर विकलं जातं. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे पाऊण फुटाच्याही निम्मं, ०.३७५ घनफूट. कागदावर हिशेब सोपा वाटतो. पण फळी रंध्याखाली गेली की जाडी घटते, टोकाच्या भेगा कापून टाकाव्या लागतात, गाठीचा भाग वाया जातो. त्यात करवत, रंधा, पटाश्या, शिकंजे, ड्रिल यांचा खर्च मिळवला की पहिली तिवई घरात येते ती दुकानातल्या खुर्चीच्या भावाने. हे आधीच मान्य केलेलं बरं, म्हणजे घरात रोज वाद होत नाहीत.

माझ्या आईसाठी खुर्ची करायची ठरली तेव्हा पहिल्या दिवशी करवत बाहेर निघालीच नाही, निघाले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. नेहमीच्या खुर्चीच्या बैठकीवर एकेक गठ्ठा वाढवत गेलो. हात न लावता ती सहज उठायला लागली तिथे थांबलो आणि टेप लावली, तर साडेएकोणीस इंच भरले. ‘सोफा घेतलास तेव्हा काही विचारलं नाहीस, आणि एवढ्याशा खुर्चीसाठी माझी मापं काढतोस होय रे!’ असं ती म्हणाली खरी, पण गठ्ठे पुन्हा पुन्हा ठेवूनही तिनेच पाहिले. याच खेळात आणखी दोन गोष्टी दिसल्या. माणूस उठतो तेव्हा टाचा गुडघ्यांच्या मागे, बैठकीखाली सरकतात. म्हणून पुढच्या दोन पायांमध्ये खाली आडवी पट्टी नको, नाहीतर टाचा अडतात. पायांना बळकटी हवी तर पट्ट्या बाजूंनी आणि मागून द्याव्यात. दुसरं म्हणजे हात पार बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, कारण उठताना जोर तिथेच द्यावा लागतो. दुकानातल्या कितीतरी देखण्या खुर्च्यांचे हात तीन-चार इंच आधीच संपतात.

माणसाचं माप घेऊन झालं की लाकडाचं माप सुरू होतं, आणि ते जास्त अवघड, कारण ते बदलतं. लाकूड झाडापासून तुटलं तरी हवेतली ओल घेणं-सोडणं थांबवत नाही. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. हलतं ते रुंदीत. त्यातही ओंडक्यावरच्या वर्तुळांच्या दिशेने होणारं आकसणं गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. त्यामुळे फळी वाळताना नुसती अरुंद होत नाही, तिला पोकही येतो. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत चौकटीला घासतं आणि दिवाळीनंतर पुन्हा मोकळं होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आपल्या घरातला साधा पाट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १५ इंच रुंदीच्या सागवानी पाटात उन्हाळा ते पावसाळा दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. फळीला पोक येऊ नये म्हणून खाली दोन आडव्या पट्ट्या द्याव्या लागतात, पण त्या गोंदाने पक्क्या चिकटवल्या तर फळीची हालचाल कोंडते आणि ती उभी तडकते. चांगला सुतार यासाठी पाटाच्या पोटात तिरक्या कडांची खाच काढतो, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. पट्टीची कडही तशीच तासतो आणि पट्टी एका बाजूने ठोकत सरकवतो. गोंद लावलाच तर मध्यावर एक बोट. फळी पट्टीवरून मागेपुढे सरकू शकते, पण वर उचलली जात नाही. जुन्या वाड्यांच्या दारांतही हीच अक्कल आहे. चौकटीच्या खाचेत फळी नुसती अडकवलेली असते, तिला फुगायला जागा ठेवलेली असते. म्हणून नवशिक्याने आधी पाट करावा. त्यात मापणं, कापणं, रंधा, खाच आणि लाकडाचा स्वभाव हे सगळं येतं, लाकूड लागतं ०.१६ घनफुटाच्या आसपास, आणि बिघडला तरी कुंडीखाली खपतो.

त्यानंतर तिवई. चार पायांचं स्टूल डुलतं, तीन पायांचं डुलू शकत नाही, कारण तीन टेकू कुठल्याही जमिनीवर एकदमच टेकतात. शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीच्या घरांत तिवई उगाच नव्हती. खुर्ची मात्र घाईने करायला घेऊ नये. तिच्यावर माणूस रेलतो, मागच्या पायांवर झोके घेतो, आणि तो सगळा ताण सांध्यांवर येतो. तिथे खिळे आणि एल पट्ट्या टिकत नाहीत. एका लाकडाला कूस काढून ती दुसऱ्याच्या खाचेत बसवणंच भाग आहे. कूस हाताने दाबून जावी, हातोडीने ठोकावी लागू नये आणि हलवल्यावर खुळखुळूही नये. लाकडाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा कुशीला द्यायचा, म्हणजे दोन्हीकडे पुरेसं लाकूड उरतं.

पुस्तकांच्या फळीचं गणित वेगळंच. पुस्तकांनी भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा झोळ सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून पाऊण इंची फळी मध्ये आधार न देता अडीच फुटांपलीकडे नेऊ नये, आणि नेलीच तर पुढच्या कडेखाली दीड-दोन इंच उंचीची पट्टी उभी लावावी. दिवाळी अंक जपून ठेवणाऱ्यांनी तर अडीचचेही दोन करावेत.

हा छंद आपल्याकडे एवढा उशिरा का आला? परदेशी माणसाला हौस असते आणि आपल्याला नसते, हे उत्तर मला पटत नाही. गावगाड्यात सुतारकी बलुत्यात होती. नांगर, कुळव, पाभर, गाडीचं चाक ही सुताराची मुख्य कामं, आणि त्याचा मोबदला सुगीला धान्यात मिळायचा. साध्या घरात लाकडी सामान तरी किती? पाट, घडवंची, बाज, एखादा पाळणा. ज्याच्या हातात वाकस त्याची जात ठरलेली, आणि ज्याची जात वेगळी त्याने वाकस धरायचा नाही. लिहिण्यावाचण्यावर पोट भरणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने तर हाताने काम करणं कमीपणाचंच मानलं.

शाळेतून हे बदलायचे प्रयत्न झाले. फिनलंडमध्ये युनो सिग्नेउस यांच्या पुढाकाराने १८६६ मध्ये हस्तकाम शालेय शिक्षणात आलं. स्वीडनमध्ये ओट्टो सालोमोन यांनी १८७०च्या दशकात नेस इथे शिक्षकांना ते शिकवायला सुरुवात केली. त्यांचा एक आग्रह मला फार आवडतो. मुलाने नुसते सांध्यांचे नमुने करायचे नाहीत, घरात वापरली जाईल अशी वस्तू करायची, मग ती साधी पळी का असेना. आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सुतारकामही होतं. पुढे शाळेत त्याचं ‘कार्यानुभव’ झालं, आणि तो तास बहुतेक ठिकाणी गणिताच्या सरांनी पळवला. अपवाद आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुलं खरोखरच हाताने वस्तू करत शिकतात.

इटलीत एन्झो मारी या डिझायनरने १९७४ मध्ये आणखी पुढची गंमत केली. साध्या फळ्या आणि खिळे वापरून करता येतील अशा टेबल-खुर्च्या-पलंगांच्या १९ रचना त्याने काढल्या आणि मागेल त्याला त्यांची रेखाटनं टपालाने पाठवली. त्याला फर्निचर विकायचं नव्हतं. आपल्या हाताने एक टेबल केलेल्या माणसाची दुकानातल्या टेबलाकडे बघण्याची नजर बदलावी, एवढाच त्याचा हेतू. ती बदलते, हे मी सांगू शकतो. आता लग्नाच्या हॉलमध्येही खुर्ची उलटी करून सांधे बघतो, आणि बायको ओळख दाखवत नाही.

फ्लॅटमध्ये हे करायचं कुठे, हा प्रश्न सगळे विचारतात. रॉन हिकमन नावाच्या मोटारींच्या डिझायनरने घरी काम करताना टेकू म्हणून घेतलेली एक महागडी खुर्चीच करवतीने कापली. त्यातून त्याने घडी घालता येणारं, फळ्यांच्या जबड्यात लाकूड पकडणारं बाक काढलं. कंपन्यांनी आधी त्याला नकार दिला. नंतर ब्लॅक अँड डेकरने ते वर्कमेट नावाने विकलं आणि त्याची जगभर विक्री झाली. तसलं एक बाक बाल्कनीत मावतं. विजेची करवत मात्र इमारतीत नको. वखारीजवळच्या सॉ मिलमध्ये फळ्या मापात चिरून, रंधून मिळतात. उरलेलं काम हाताच्या हत्यारांनी, दुपारची झोप सोडून कुठल्याही वेळी करता येतं. चार पटाश्या पुरतात, पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंची. त्यांना धार लावायला शिका. बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि निसटली की हातावर येते.

लाकूड कुठलं? चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान नावाजलेलं आहेच. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं होतं. पण पहिल्या कामाला ते कशाला? आंब्याचं, बाभळीचं घ्या, किंवा जुनं मोडीचं लाकूड बघा. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या आसपास वाड्यांचे वासे-तुळया मिळतात. वर्षानुवर्षं घरात राहिलेलं हे लाकूड पुरतं वाळलेलं असतं. मात्र आतले तुटके खिळे चुंबकाने शोधून काढल्याशिवाय त्याला रंधा लावू नका. पॅकिंगच्या पाइन लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. फळीचा बाहेरचा पांढुरका भाग टाळा, भुंगेऱ्यांना तोच आवडतो.

पूर्वी सांध्याला सरस लागायचा, तो गरम करून वापरावा लागे. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला आणि ती कटकट संपली. पॉलिशसाठी लाखेचं स्पिरिट पॉलिश किंवा बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, हौशी माणसाच्या हाताला जमतं. बेलतेलाची एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. त्याचा बोळा झालेला फडका वाळताना आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. फडके दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. लाकडाची धूळही साधी समजू नका. ती कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे सिद्ध झालेलं आहे. पॉलिशपेपर मारताना चांगला मास्क लावाच.

आपण केलेली वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा चांगली वाटते. अमेरिकी संशोधकांनी २०१२ मध्ये याला ‘आयकिया इफेक्ट’ असं नावही देऊन ठेवलंय. घरच्यांना हा रोग नसतो, म्हणून खुर्ची कशी झाली ते त्यांनाच विचारावं. बाळाच्या पाळण्याच्या बाबतीत मात्र कुणालाच विचारायचं कारण नाही. गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग त्यातून बाहेर जातं आणि डोकं अडकतं. उंच कपाट असेल तर ते वरून भिंतीला आवळून टाका, कारण पोरं खण उघडून त्यांच्या पायऱ्या करतातच.