कुरतडलेल्या पानाची प्रतिष्ठा

वनमहोत्सवाचा प्रघात १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी पाडला, तेव्हापासून महाराष्ट्राच्या शहरांतून वृक्षारोपणाचा उत्साह सहसा ओसरला नाही. मात्र कोणते झाड लावावे, या प्रश्नाचा निकाल दीर्घकाळ सावलीची घाई आणि फुलोऱ्याची नेत्रसुखदता या दोनच कसोट्यांवर लागत राहिला. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष, आणि १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाल्यानंतरच्या काळात गिरिपुष्प व सुबाभूळ यांची अशी सरबराई झाली, की पळस, पांगारा, काटेसावर ही आपल्याच मुलखात बेदखल कुळे ठरली.

परदेशी झाडांची सरसकट निंदा मला अन्यायाची वाटते. गिरिपुष्पावर मधमाश्या येतात, घाणेरीवर तर फुलपाखरांची दाटी असते. परंतु मध पाजणारे झाड निराळे आणि अळी पोसणारे झाड निराळे, हा भेद त्या पिढीच्या बागाईत दप्तरी दाखलच नव्हता. रुईच्या पानांवर 'प्लेन टायगर'ची, लिंबू-कढीपत्त्यावर 'कॉमन मॉर्मन'ची, पानफुटीवर 'रेड पिएरो'ची अळी वाढते, आणि वाढते ती पाने कुरतडूनच. कुरतडलेले पान म्हणजे माळ्याची बेपर्वाई, असा समज असल्यामुळे १९९७ साली बंदी येईपर्यंत बीएचसीची पूड हाच त्यावरचा बंदोबस्त मानला जाई. फुलाफुलांतून मध टिपणारा शिंजीर आपल्या पिलांना मात्र किडे आणि कोळी भरवतो, तेव्हा त्या पुडीने कोणाच्या घरट्यातला घास हिरावला, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

दृष्टी पालटली ती हळूहळू. पक्षिनिरीक्षकांनी पाहिले, की पळस-पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात त्या दिवसांत शिंजीर, साळुंक्या, कोतवाल त्यांच्यावर लोटतात. उंबर पिकला की राज्यपक्षी हरियाल तेथे हजर होतो. बहाव्याच्या फुलांत काळे भुंगे घुमतात. पुढे २०१५ साली शासनाने 'ब्लू मॉर्मन'ला राज्य-फुलपाखराचा मान दिला, आणि गंमत अशी, की लिंबूवर्गीय झाडांची पाने खाणारी याची अळी घरोघरच्या कुंड्यांतून बिनदिक्कत चिमटीने उचलून टाकली जात होती!

आज रोपवाटिकेत बहावा, ताम्हण, सीताअशोक सहज मिळतात. देखण्या झाडांचे पुनर्वसन आधी व्हावे, हे आपल्या जुन्या खोडीला धरूनच झाले. रुईचे रोप मागणाऱ्याकडे मात्र माळी अजून संशयानेच पाहतो.